टाक्याखालची लव

वाळक्या वनस्पतींच्या त्या संग्रहालयात टाकेकाकूंना स्वतःचं नाव होतं, पण ते हजेरी लावण्यापुरतंच. एरवी दारावरच्या रखवालदारापासून थेट मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या त्या टाकेकाकू. दिवसभर टाके घालायचे हेच काम. मग माणसाला दुसरं कोण काय म्हणणार?

आता वाळलेल्या झाडपाल्याला टाके कशाला, असं कोणालाही वाटेल. पहिल्या दिवशी काकूंनाही वाटलं होतं. रानातून आणलेली फांदी आधी जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवतात. ती चपटी आणि कडक झाली की काकूंच्या टेबलावर येते. मग जाड पांढऱ्या कागदावर ती अशी मांडायची की पानाची दोन्ही अंगं दिसावीत, फूल झाकलं जाऊ नये. पानांना मागून डिंकाचं बोट, आणि जाड देठाला, काटकीला दोऱ्याचा टाका. टाका बसला की तो कागद कपाटात जातो आणि पिढ्यानपिढ्या तिथंच राहतो. कोणी अभ्यासाला काढला तर काढला, नाहीतर आपला पडून. "आपण गेल्यावर आपल्याला एवढं जपून कोणी ठेवायचं नाही," असं काकू म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

काकू मूळच्या शिवणकामातल्या. तरुणपणापासून एका नामांकित टेलरच्या दुकानात कोट शिवायच्या. हात असा, की अस्तराच्या आतली शिवणसुद्धा बाहेर मिरवावी. दुकानाचे मास्तर मात्र जमदग्नीचा अवतार. तिथला कायदा सोपा होता. चूक झाली तर ती अस्तरात लपवायची. लपली नाही तर चूक करणाऱ्यानं पिशवी उचलून घरी जायचं. काकूंवर ती पाळी कधी आली नव्हती. मग आला तो मखमलीचा कोट.

मखमलीला लव असते आणि ती एकाच दिशेला झुकते. कोटाचे सगळे तुकडे त्याच दिशेनं कापावे लागतात, हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. पण त्या दिवशी घरात आजारपण, काकूंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एक बाजू उलटी कापली गेली. कोट तयार होऊन गिऱ्हाइकाच्या अंगावर चढला तर अर्धा गर्द आणि अर्धा फिकट! मास्तरांनी गिऱ्हाइकाचीही भीडभाड ठेवली नाही. सगळ्या दुकानादेखत म्हणाले, "उचला तुमची पिशवी." एवढ्या वर्षांच्या इमानी नोकरीचा शेवट तीन शब्दांत झाला. काकूंनी पिशवी उचलली आणि पुढं कितीतरी महिने त्यांना सुई हातात धरवेना.

काकूंच्या यजमानांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. रिकामपणी मन खात बसतं म्हणून त्यांनी एकदा बायकोसमोर एक फाटकं सीट टाकलं. "एवढं शिवून दे गं, गिऱ्हाईक भलं आहे." काकूंनी नाइलाजानं शिवलं. दुसऱ्या दिवशी ते भलं गिऱ्हाईक आलं. अंगावर खिसेच खिसे असलेला सदरा, डोक्याला रुमाल, चपलांना चिखल. सायकल कशी झाली ते न पाहता खाली बसून सीटच निरखायला लागलं. 

"हे टाके कोणी घातले?"

ही बाईंची आणि काकूंची पहिली भेट. बाई म्हणजे संग्रहालयातल्या वनस्पतिशास्त्रज्ञ. सगळी हयात रानावनात आणि कपाटांत गेलेली. त्यांना कागदावर झाडं टाचायला बारीक हाताचं माणूस हवंच होतं. काकू म्हणाल्या, "मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही." बाई म्हणाल्या, "झाडांतलं मी बघते. तुम्ही टाक्यातलं बघा." आणि आठवड्याच्या आत काकू खिडकीपाशी लांब टेबलाला बसल्या.

बुडत्याला काठ मिळावा तसं झालं. काकूंनी ते उपकार मानले, आणि मनातल्या मनात नाही, चांगले मोठ्यानं. बाईंनी तोडलेली फांदी सुंदर, बाईंचं अक्षर सुंदर, बाईंनी केलेला कडू चहासुद्धा "वेगळाच". कपाटांची व्यवस्था बघणारे एक भाऊ होते, जिभेला हाड नसलेले. ते म्हणायचे, "काकूंना विचाराल तर बाई शिंकल्या तरी शोध लागतो." बाईंनाही कधी कधी या कौतुकाचा वैताग यायचा. स्वतः एखादा कागद मांडला की मुद्दाम विचारायच्या, "काकू, खरं सांगा, वाकडं झालंय की नाही?"

"तुमचं कसं वाकडं होईल, बाई?"

"बघा! तुम्हाला विचारून काय उपयोग? माझ्या बाबतीत तुमची साक्ष कुठल्याच कोर्टात चालायची नाही."

सगळे हसायचे. काकूही हसायच्या. पुढं हेच हसणं महागात पडणार आहे हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

या जागेतली एक रीत काकूंना सुरुवातीला अजिबात पटली नव्हती. एका जुन्या कागदावर झाडाचं चुकीचं नाव लिहिलेली चिठ्ठी होती. आता नाव चुकीचं आहे हे कळलंय म्हटल्यावर काकूंनी ओल्या फडक्यानं ती सोडवायला घेतली. बाईंनी वरच्यावर हात धरला.

"अहो, काय करताय? इथं लावलेली चिठ्ठी काढायची नसते. नवी शेजारी लावायची."

"पण चूक आहे ना ती?"

"असू दे. कोणाला काय वाटलं होतं, का वाटलं होतं, हे पुढच्या माणसाला दिसायला हवं. आज बरोबर वाटतंय ते उद्या चूक ठरेल. तेव्हा आपलीही चिठ्ठी कोणी फाडू नये."

मग काकूंनी पाहिलं, की एकेका कागदावर चार-चार चिठ्ठ्या आहेत. एक म्हणते ही अमकी जात, दुसरी म्हणते छे, तमकी. खाली प्रत्येकाची सही. भाऊबंदकीतले शेजारी दाटीवाटीनं राहावेत तशा त्या एका अंगणात नांदत होत्या. मास्तरांच्या दुकानात यातले सगळेच रस्त्यावर आले असते, असं काकूंच्या मनात आलं आणि त्यांना जरा हलकं वाटलं.

आता खराट्याकडे वळू, कारण गोष्ट त्याचीच आहे.

खराटा म्हणजे तेच रानातलं झुडूप, पानं नावाला आणि हिरव्या काटक्याच काटक्या. लोक त्याच्या मोळ्या आणून अंगण झाडायला खराटे बांधतात, म्हणून नावही तेच. फुलला की मात्र पिवळाजर्द होतो आणि अंगण झाडणारी वस्तू आहे हे विसरायला लावतो. संग्रहालयात त्याचं एक अख्खं कपाट होतं, सगळं एकाच नावाखाली. बाईंचं म्हणणं होतं, की गावाबाहेरच्या खाणीवरच्या खडकाळ उतारावर जो खराटा येतो तो हा नव्हे. ती वेगळी जात आहे आणि तिला अजून नावच नाही. तो आधी फुलतो, त्याच्या काटक्यांवरच्या शिरा वेगळ्या. पण खरी मेख शेंगेत. साध्या खराट्याची शेंग नखासारखी गुळगुळीत. उतारावरच्या खराट्याच्या शेंगेवर दाट, चंदेरी, रेशमासारखी लव.

अडचण एकच होती. ही शेंग ऊन तापलं की फट्‌दिशी फुटते, पिळवटते आणि बी उधळून मोकळी होते. लव असलेलं साल उन्हावाऱ्यात झडून जातं. बाई दर वर्षी जायच्या आणि दर वर्षी वरातीमागून घोडं. कधी नुसती फुलं मिळायची, कधी नुसती टरफलं. निवृत्ती जवळ आली, गुडघे बोलायला लागले, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला. शेवटच्या उन्हाळ्यात मात्र बाई वेळेवर पोचल्या. उतरताना अर्धा उतार बसून घसरत आल्या, पण झोळी न फुटलेल्या शेंगांनी भरलेली होती. वाळवून झाल्यावर त्यांनी भिंग लावून सगळं वर्णन लिहून काढलं, आणि गठ्ठा काकूंच्या हवाली केला. वर्णनात काय आहे ते काकूंनी विचारलं नाही; झाडांतलं बघायला बाई होत्या.

"काकू, माझी सगळी कमाई ही. सांभाळा. मी डोळ्याचं ऑपरेशन करून येते."

कमाई म्हटल्यावर काकूंनी जीव ओतला. एरवी काटकीला टाके घालून भागलं असतं. इथं त्यांनी मोठ्या शेंगांनाही टाके घातले. दोरा शेंगेत रुतू नये म्हणून प्रत्येक टाक्याखाली मऊ कागदाची इवलीशी पट्टी ठेवली, कोटाच्या बटणाखाली टेलर कापडाचा तुकडा ठेवतात तशी. सगळं झालं. कागद लांब धरून पाहिले आणि काकूंच्या कपाळाला आठी पडली. शेंगांवर पांढुरकं काहीतरी होतं. त्या मोसमात हवा दमट होती आणि निम्म्या गठ्ठ्यांना बुरशी धरली होती. बाईंच्या कमाईला बुरशी? आणि ती फोटोत दिसणार?

काकूंनी खालच्या खणातला जुना ब्रश काढला. दुकानातून सोबत आलेली तेवढीच एक वस्तू. गिऱ्हाइकाच्या हाती कोट देण्याआधी त्यावर एक तंतूही राहता कामा नये, ही मास्तरांची शिकवण काकूंच्या हाडीमासी खिळली होती. त्यांनी एकेक शेंग बोटानं धरून हलक्या हातानं, अगदी मायेनं झाडली. शेंगा कशा लखलखीत दिसायला लागल्या. मग ब्रश साबणानं धुतला, उन्हात वाळवला, जागच्या जागी ठेवला, आणि समाधानानं घरी गेल्या.

कागदांचे फोटो निघाले आणि बाईंच्या लेखाबरोबर दूरच्या एका नियतकालिकाकडे गेले. नव्या जातीला नाव द्यायचं तर एक कागद मूळ म्हणून ठरवावा लागतो. नाव त्या कागदाला बांधलेलं असतं. पुढं जगात कुठंही शंका आली की ही जात नेमकी कोणती, तर त्या एका कागदाकडे यायचं. तेव्हा लेखात लिहिलेलं आणि कागदावर टाचलेलं यांचा मेळ बसलाच पाहिजे.

बाई डोळ्याला नवा चष्मा लावून परत आल्या आणि पाठोपाठ नियतकालिकाच्या परीक्षकांचं उत्तर आलं. अगदी सभ्य भाषेत होतं. लेखात शेंगांवर दाट रेशमी लव असल्याचं म्हटलं आहे. फोटोत शेंगा गुळगुळीत दिसतात. कृपया मूळ कागद पुन्हा तपासावा.

बाईंनी कागद काढला. खिडकीशी नेला. सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काकू चहाचा पेला घेऊन मागं उभ्या होत्या आणि भाऊ कपाटाच्या शिडीवर. शेंग नखासारखी गुळगुळीत होती. बारीक ठिपके तेवढे दिसत होते, पण तसे ठिपके साध्या खराट्याच्या शेंगेवरही असतात. बाई कितीतरी वेळ वाकून बघत राहिल्या. मग चष्मा काढून बसल्या.

"भाऊ, सगळं कपाट उगाच ढवळलं मी. मोतीबिंदूचं धुकं होतं डोळ्यात. त्यालाच लव समजले."

"असं कसं, बाई?" भाऊ शिडीवरून उतरले.

"ऑपरेशनच्या आधी दिसत होती, ऑपरेशननंतर दिसत नाही. दुसरा काय अर्थ? माणसाला जे हवं असतं तेच दिसतं. पुढच्या उन्हाळ्याशिवाय शेंगा नाहीत, आणि तोवर मी इथं नाही. लेख मागं घेते. निदान चुकीचं नाव देऊन जगाला फसवलं असं तरी व्हायला नको."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. अख्ख्या हयातीत आपण काय काय पाहिलं म्हणून लिहिलं आणि त्यातलं खरंच होतं किती, असा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर चालू झाला होता, आणि तो बघवत नव्हता.

काकूंनी चहाचा पेला टेबलावर ठेवला. "बाई, लव म्हणजे… ते पांढरं? मऊ? शेंगांवर होतं ते?"

"होतं असं मला वाटलं होतं."

"होतंच! मी झाडलं ते. ब्रशनं. मला वाटलं बुरशी आहे."

मग बाई हसल्या. मोठ्या मायेनं हसल्या.

"काकू, तुमचं मन मोठं आहे."

"मन कसलं, बाई? ब्रश म्हणतेय मी, ब्रश!"

"कळलं मला. माझं म्हातारपण तुम्ही आपल्या अंगावर घेताय. घेऊ नका. चुकले असेन तर मला चुकू द्या."

भाऊंनी काकूंच्या खणातला ब्रश काढून उजेडात धरला. नव्यासारखा स्वच्छ. "यात तर काहीच नाही, काकू."

"धुतला मी!"

"अहो, बाईंसाठी तुम्ही खुनाचा आळसुद्धा घ्याल आणि सुरी धुतली म्हणाल." पण या वेळी ते हसले नाहीत, आणि काकूंना तेच जास्त लागलं.

सगळ्या जन्मात काकूंनी एक चूक आपण होऊन कबूल केली आणि ती कोणी मानायला तयार नाही! गोड बोलून बोलून त्यांनी स्वतःच्या शब्दाचं मोल घालवलं होतं. घरी आल्या त्या तशाच धुमसत. यजमान दुकानात सायकल उलटी करून बसले होते. काकूंनी त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "अहो, खरं सांगितलं तरी पटत नाही म्हणजे काय करायचं माणसानं?"

"ट्यूब पंक्चर आहे असं मी नुसतं सांगितलं तर गिऱ्हाइकाला कधी पटतं?" यजमानांनी ट्यूब पाण्याच्या टबात दाबली. "बुडबुडा दाखवावा लागतो. हा बघ."

"तुमचं बरं आहे. माझा बुडबुडा मी झाडून टाकला."

जेवणं उरकली. काकूंनी यजमानांची पँट उसवायला घेतली. पोट सुटल्यामुळे कंबरेला वाढवायची होती. पँट धुऊन धुऊन विटून गेली होती. काकूंनी शिवण उसवली, दुमडलेलं कापड उलगडलं, आणि टाके उसवायची टोकदार उसवणी हातात तशीच राहिली. शिवणीच्या आत कापडाची एक पट्टी होती, घेतली त्या दिवशी जशी होती तशी. गडद निळी. ना ऊन लागलं तिला, ना पाणी, ना ब्रश.

"अहो!" काकू ओरडल्या. "रंग!"

"कसला रंग? पँट फाडलीस की काय?"

"आधी टाके घातले मी! ब्रश शेवटी मारला! आधी टाके!" यजमानांना काही कळलं नाही, पण बायकोचा चेहरा कितीतरी दिवसांनी असा उजळलेला पाहून तेही खूश झाले.

सकाळी काकू बाईंच्या आधी येऊन दारात उभ्या. हातात उसवणी. बाईंच्या टेबलावर लेख मागं घेत असल्याचा मजकूर तयार होता, फक्त पाठवायचा बाकी.

"बाई, एक टाका उसवू द्या. मी घातलाय, मीच काढते."

"मूळ कागदाला हात लावायचा नसतो, काकू."

"मग त्याचा जोडीदार द्या. त्याच झुडपाचा दुसरा कागद. एकच टाका. तुम्हाला माझ्या तोंडावर विश्वास नाही ना? नका ठेवू. टाक्यावर ठेवा."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. काकू एरवी इतक्या कडक बोलत नसत. भाऊंनी न सांगताच जोडीचा कागद आणून टेबलावर ठेवला. काकूंनी उसवणीचं टोक दोऱ्याखाली सरकवलं. दोरा तुटला. खालची कागदाची इवली पट्टी त्यांनी सुईच्या टोकानं उचलली आणि मागं सरल्या.

गुळगुळीत शेंगेवर, पट्टीखाली, आडवा एक चंदेरी पट्टा होता.

बाई लगेच आनंदल्या नाहीत, आणि म्हणूनच त्या बाई होत्या. "हा दोऱ्याचा भुगा असेल. किंवा त्या मऊ कागदाचे तंतू." त्यांनी कागद सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. आधी दोऱ्याचा एक धागा पाहिला, मग पट्टीचा एक कोपरा, आणि मग शेंग. बघता बघता त्यांचा श्वास संथ झाला. दोऱ्याचे तंतू चपटे आणि पीळ पडलेले होते. शेंगेवरचे सरळ होते, टोकाला निमुळते. आणि प्रत्येक तंतू एकेका ठिपक्यातून उगवलेला. दाबला गेलेला, पण मुळापासून धरून राहिलेला.

बाईंनी डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. एकदा नव्या डोळ्यानं, एकदा जुन्या. मग ताडकन उठल्या आणि काकूंचे दोन्ही हात धरले.

"काकू! तुम्ही खरंच झाडलंत की हो!"

एखाद्यानं पहिला नंबर काढल्यावर करावं तसं हे अभिनंदन होतं. भाऊ टाळी देत म्हणाले, "वा काकू, चूक करावी तर अशी!" आणि आता सगळे पोट धरून हसत होते. काकू मात्र हसता हसता थांबल्या. आपल्या खुर्चीपाशी गेल्या. पाठीला टांगलेली पिशवी त्यांनी काढली, डबा आत ठेवला, चष्म्याचं घर आत ठेवलं.

"कुठं निघालात?" बाईंनी विचारलं.

"नाही, म्हणजे… चूक बाहेर आली ना." काकू पिशवीचे बंद आवळत म्हणाल्या. "तुमचे डोळे खरे ठरले, माझं काम झालं. हयातीची कमाई मी झाडून टाकली, बाई. मला काय तोंड आहे इथं बसायला?"

मखमलीच्या कोटाची गोष्ट बाईंना माहीत होती. त्यांनी पुढं होऊन पिशवी काकूंच्या हातातून घेतली आणि परत खुर्चीला टांगली.

"बसा. चिठ्ठी लिहायची आहे."

"कसली?"

"अहो, एवढ्या दिवसांत रीत विसरलात? मूळ कागदावरच्या शेंगा गुळगुळीत का, हे पुढच्या माणसाला कळायला नको? लिहा. तुमच्या हातानं, तुमच्या सहीनं."

मग बाईंनी स्वतः मूळ कागद काढला आणि तिथलाही एक टाका काकूंकडून उसवून घेतला, एकच. तिथंही पट्टीखाली लव जशीच्या तशी होती. बाकीचे टाके तसेच राहू दिले. सूक्ष्मदर्शकातून फोटो काढले आणि झालेली हकिकत न लपवता परीक्षकांना कळवली. पुढं उत्तर आलं, की समाधान झालं, लेख स्वीकारला आहे. आणि नियतकालिकात ते नाव छापून आलं. लॅटिन शब्द आहे, अर्थ 'रेशमी'. ज्या खराट्यानं लोक निमूटपणे अंगणं झाडत होते, त्याच्या एका भावंडाला नाव मिळालं. पण ते सगळं नंतर. त्या सकाळी काकूंपुढं तळहाताएवढा कोरा कागद होता.

त्यांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. "हे कायम राहणार, बाई?"

"कपाट उभं आहे तोवर."

काकूंनी लिहिलं: 'या कागदावरील शेंगांची लव टाचून झाल्यावर मी ब्रशने झाडली. बुरशी समजून. माझी चूक.' खाली सही करायला गेल्या आणि अडल्या. टाकेकाकू असं कसं लिहिणार? मग त्यांनी आपलं पूर्ण नाव घातलं, शाळेत लिहायच्या तसं, एकेक अक्षर सुटं.

बाईंनी वाचलं. "हे अर्धंच झालं."

"अजून काय कबूल करू?"

"कबूल नाही. टाक्याखालचं लिहा."

"इश्श, स्वतःची बढाई स्वतः कशी लिहायची?"

"मग द्या इकडे." बाईंनी त्याच चिठ्ठीवर, काकूंच्या नावाखाली, लिहिलं: 'लव टाक्यांखाली शाबूत आहे. टाके यांचेच.' आणि सही केली.

काकूंनी ते वाचलं, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू आलंच. मास्तरांच्या दुकानात चूक एक तर अस्तरात जायची, नाही तर माणूस दाराबाहेर. इथं त्यांची चूक नावानिशी कपाटात बसणार होती, बाईंच्या सहीच्या मांडीला मांडी लावून, आणि कोणीही त्यांना बाहेर काढणार नव्हतं. "फार उपकार आहेत हो तुमचे, बाई," त्या म्हणाल्या. नेहमीचंच वाक्य, पण या वेळी भाऊंनी चेष्टा केली नाही.

"उपकार राहू देत. डिंक द्या." चिठ्ठी बाईंनीच घेतली, मागून डिंकाचं बोट फिरवलं आणि मूळ कागदाच्या कोपऱ्यात दाबून बसवली. मग मान तिरकी करून पाहिलं. नवा डोळा अजून सरावलेला नव्हता.

"काकू, खरं सांगा, वाकडी लागली की नाही?"

काकूंनी डोळे पुसले, चष्मा चढवला, कागद हातभर लांब धरला आणि सावकाश निरखून पाहिला.

"वाकडी लागलीय, बाई."

बाई इतक्या खुशीत हसल्या, की शिडी धरून उभ्या असलेल्या भाऊंनाही हसू आवरेना. आणि लावलेली चिठ्ठी काढायची नसते, म्हणून ती अजूनही त्या कागदावर तशीच आहे, डाव्या अंगाला थोडी झुकलेली.